गोड विहिरीची आत्या

आत्या,

तुझ्याबद्दल लिहायचं तर आधी तुझ्या हिरड्यांबद्दल लिहायला हवं. तुझी भक्ती, तुझं सोवळं, तुझी तिखट जीभ यांबद्दल गल्लीतलं कुणीही बोलेल. परवा तेराव्याला सगळे बोललेच. हिरड्यांबद्दल कुणी बोललं नाही, कारण त्या माझ्याशिवाय कुणी पाहिल्याच नव्हत्या. चारचौघांत तू तोंड मिटून हसायचीस. लोकांना वाटायचं, विधवेची मर्यादा. मर्यादा कसली. दातांच्या मुळाशी रक्त असायचं.

हे मी मराठीत लिहितो आहे. तंजावुरात राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत मराठी बोलणारी घरं पुष्कळ, पण ही अक्षरं वाचणारी माणसं फार थोडी. मला ती तूच शिकवलीस, स्तोत्रांच्या पोथीवर बोट ठेवून, चुकलो की त्याच बोटानं टाळूवर टिचकी मारून. आज असतीस तर म्हणाली असतीस, "इतकं इंग्रजी शिकलास, आणि शेवटी स्वयंपाकघरातल्याच भाषेत आलास की."

आलो. कारण जे झालं ते स्वयंपाकघरातच झालं.

पापनाशमच्या शाळेतलं माझं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. आप्पा भाताच्या गिरणीत पोती तोलायचे आणि मीही तिथंच लागणार हे न बोलता ठरलं होतं. तू एकादशीला तंजावुराहून भावाकडे आलीस. दुसऱ्या दिवशी द्वादशी. उपास सोडायला आईनं नेहमीप्रमाणे अगत्तीचा पाला शिजवला होता (मराठी मुलखात त्याला हदगा म्हणतात) आणि सोबत नेल्ली, म्हणजे आवळा. तू पानावर बसलीस आणि घास घ्यायच्या आधी आप्पांना विचारलंस, "दादा, ह्याला पोती तोलायला जन्माला घातलास?"

"आपल्यात कोण शिकलंय आजवर?" आप्पा म्हणाले.

"म्हणून तर विचारते."

"कॉलेज तंजावुरात. राहील कुठं?"

"मी काय मेले आहे? नवरा मेला. मी अजून आहे."

त्या घरात तुझ्या वैधव्याचा उल्लेख फक्त तू करायचीस आणि तो नेहमी असा, समोरच्याचं तोंड बंद करायला. मग तू पानावरचा हिरवा पाला बोटांनी कडेला सारलास आणि म्हणालीस, "हा बी.एस्सी. होईपर्यंत माझ्या पानात हिरवं वाढायचं नाही. शाकव्रत. चातुर्मासातलं एका महिन्याचं नव्हे, अखंड."

शाकव्रत आपल्याकडे पुष्कळजण पाळतात. चातुर्मासाच्या पहिल्या महिन्यात भाजी, पाला, फळ, चिंच, मिरची काही नाही. मूगडाळ, मिरी, जिरं, दूध-दही चालतं, आणि फळांत फक्त आंबा. तो एक महिना तू चार वर्षांचा केलास. माझ्यासाठी. आई रडली, आप्पा रडले. मला मात्र फार अभिमान वाटला होता. सोळा वर्षांच्या मुलासाठी कुणीतरी व्रत धरतं म्हणजे त्याच्यात काहीतरी असणार, असं मला वाटलं. त्या वेळी तुझ्या तोंडात काय होणार आहे हे आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. हे वाक्य मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. पुढे मला ठाऊक झालं.

गल्लीच्या टोकाला तुझ्या सासरच्यांनी तुला दिलेल्या दोन खोल्या, मागे सामायिक आड. तू सतराव्या वर्षी विधवा झालेली, डोकं भादरलेलं, अंगावर तांबडं आलवण. दिवसातून एकदा जेवायचीस. रात्री मूठभर पोहे आणि ताक. मला मात्र दोन्ही वेळा भाजी. कच्ची केळी चिरून तू फोडी ताकाच्या पाण्यात टाकायचीस, म्हणजे काळ्या पडत नाहीत. चिरताना माझ्याकडे बघायचीही नाहीस. "खा. मी दाराशी बांधलेली गाय आहे, तू आतला देव आहेस. गायीला नैवेद्याचा वास पुरतो."

असं बोलल्यावर घास कसा उतरावा? पण उतरायचा. मला भूक लागायची.

तुझ्या हिरड्यांतून रक्त येणं मी पहिल्या वर्षी पाहिलं आणि विसरलो. दुसऱ्या वर्षी पाहिलं तेव्हा पायावर निळे डाग पण होते, मार लागल्यासारखे. "पायरीवर आपटलं," म्हणालीस. मग उन्हाळा आला, आईनं पापनाशमहून आंबे पाठवले, तू आंबे खाल्लेस आणि डाग गेले. पुरट्टासी (म्हणजे भाद्रपद-आश्विन) आली, डाग परत आले. पायरी तीच होती. उन्हाळ्यात तू तिच्यावर आपटत नव्हतीस.

हे कोडं मला तिसऱ्या वर्षी सुटलं, प्रयोगशाळेत. आमचे प्राध्यापक तेव्हा बाजारातल्या पालेभाज्यांतलं क जीवनसत्त्व मोजत होते आणि हाताखाली त्यांनी मला घेतलं होतं. ब्युरेटमधून एक रंग थेंबाथेंबानं रसात सोडायचा. रसात जीवनसत्त्व असेपर्यंत गुलाबी थेंब पडल्यापडल्या विझतो. ते संपलं की गुलाबी टिकतो. इतकंच. पहाटे खुडलेली अगत्ती कितीतरी थेंब विझवायची. तीच दुपारपर्यंत उन्हात टोपलीत पडून राहिली की निम्म्यातच हात टेकायची. नेल्लीला मात्र ब्युरेट पुन्हा पुन्हा भरावी लागायची. उकळली, वाळवली, तरी ती अगत्तीसारखी रिकामी व्हायची नाही.

प्राध्यापक म्हणायचे, जो प्राणवायू जगवतो तोच कुजवतो. लोखंड गंजतं, शेंगदाण्याचं तेल खवट होतं, चिरलेलं वांगं काळं पडतं, सगळं त्याचंच काम. झाड दिवसभर उन्हात उभं राहतं, तरी पानं आतून जळत नाहीत, कारण त्यांच्यात असे पदार्थ असतात की जे प्राणवायूचा घाव स्वतःवर घेतात. झाडं हे जीवनसत्त्व स्वतः बनवतात, बहुतेक जनावरंही बनवतात. माणसाला येत नाही. त्याला खावं लागतं. खाल्लं नाही तर बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती ढिल्या पडतात. हिरड्यांतून रक्त, पायावर डाग. जुन्या काळी जहाजावरच्या खलाशांना व्हायचं. स्कर्व्ही.

मी धावतच घरी आलो. तू आडावर भांडी घासत होतीस. सगळं एका दमात सांगितलं.

"गायीला बनवता येतं?" तू विचारलंस.

"येतं."

"आणि बी.एस्सी.वाल्याला येत नाही?"

"कुणालाच येत नाही, आत्या."

"मग बरोबर आहे. गायीच्या पाया पडतो आपण, तुझ्या नाही."

"आत्या, हसू नकोस. रोज एक नेल्ली खाल्लीस तरी पुरे."

"म्हणजे ते तुझं औषध दुसऱ्यानं जळू नये म्हणून आधी स्वतः जळतं. असंच ना?"

"हो. तसंच."

"मग डोकं भादरून त्याला आलवण नेसव की."

आणि तू राख घेऊन पातेलं घासायला लागलीस. मी खूप बोललो. तू फक्त एकदा मान वर केलीस. "गोपू, मी देवाला शब्द दिला. तुझ्या ब्युरेटीला दिला नाही."

इथवर आपलं भांडण सरळ होतं. मी हरलो असतो, तू उन्हाळ्याची वाट बघितली असतीस, आणि कदाचित आज मी हे लिहीतही नसतो.

पण मी हुशार होतो. शाकव्रतात चिंच चालत नाही, म्हणून तुझ्या मिरी-जिऱ्याच्या साराला आंबटपणा वाळवलेल्या आंब्याच्या पुडीचा असायचा. ती पूड पापनाशमहून मी आणायचो. शिजवलेल्या अन्नाला तू मला हात लावू दिला नसतास, पण कोरडं विटाळत नाही, हा आपला नियम. त्या नियमातून मी आत शिरलो. देशी औषधांच्या दुकानातून वाळवलेली नेल्ली घेतली, प्रयोगशाळेच्या खलात बारीक कुटली आणि आंब्याच्या पुडीत मिसळली. रंग जुळला.

"यंदाचे आंबे तुरट निघाले," तू पहिल्या दिवशी म्हणालीस.

"पाऊस कमी झाला," मी म्हणालो.

तीन आठवड्यांत रक्त थांबलं. मी रोज वहीत लिहायचो. डाग फिके. हिरड्या घट्ट. चालताना दम नाही. तुझं नाव लिहिलं नव्हतं. "रुग्ण, स्त्री, वय सुमारे चाळीस" असं लिहिलं होतं. त्या वहीत तू माझी आत्या कुठंच नव्हतीस. त्याचीही मला तेव्हा लाज वाटली नाही. शास्त्र असंच लिहितात, असं शिकलो होतो.

मग एका दुपारी जेवून, हात धुऊन, तू आडाचं पाणी प्यालीस आणि तशीच थांबलीस.

"गोपू, पाणी गोड लागतंय."

आपल्या आडाचं पाणी मचूळ. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आणि नेल्ली खाल्ल्यावर पाणी गोड लागतं हे लहान मुलालाही ठाऊक असतं. पण तू दोन वर्षांत नेल्ली तोंडात घातली नव्हतीस, आणि आज घातली आहेस हे तुला कसं कळणार?

"झरा बदलला असेल," मी म्हणालो.

"सकाळी स्वयंपाकाला काढलं तेव्हा मचूळच होतं. देवाला नैवेद्य दाखवल्यावर गोड होतं." तू आडाकडे हात जोडलेस. तुझा चेहरा मी आयुष्यात कधी तसा पाहिला नव्हता. हिरड्या बऱ्या झाल्या, पाणी गोड झालं. सतराव्या वर्षापासून देवाकडून तुला काही मिळालं नव्हतं. ते हे मिळालं. आणि देणारा मी होतो, खलबत्ता घेऊन.

महिनाभर तू ते स्वतःपाशी ठेवलंस. मग राहवेना. एका दुपारी जेवण झाल्यावर शेजारच्या सुंदरक्काला आणि गल्लीतल्या पाच-सहा बायकांना आडावर बोलावलंस. मी रहाटाजवळ उभा होतो, पोहरा मीच ओढला. सुंदरक्कानं ओंजळीत घेऊन घोट घेतला आणि थुंकली.

"मचूळच आहे हो."

"नीट बघ की. परत घे."

"आत्या, जीभ माझी आहे ना? मचूळ."

दुसरीनं घेतलं. तिसरीनं. मग तू स्वतः घेतलंस. "अगं गोड आहे! मला लागतंय ना!" आणि पुन्हा ओंजळ पुढे केलीस, पुन्हा प्यालीस, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या तरी तू पीतच होतीस. आलवणावर पाणी सांडत होतं.

सुंदरक्का हसली. मग सगळ्या हसल्या. तू माझ्याकडे पाहिलंस. "गोपू, तू सांग."

मी घोट घेतला. "मचूळ आहे, आत्या," मी म्हणालो.

खरंच बोललो. माझ्या तोंडाला मचूळच होतं.

त्या दिवसापासून तुझं नाव "गोड विहिरीची आत्या" पडलं. हळदीकुंकवाला तुला कुणी बोलावत नव्हतंच, पण आता दारावरून जाता जाता बायका विचारायच्या, "काय हो, आज गोडाचं पायसम केलं नाही, तुमच्या आडातलं तांब्याभर वाढता का?" सुंदरक्का सगळ्यांत पुढे. तू दार लावून घ्यायचीस. जिनं आप्पांचं तोंड एका वाक्यात बंद केलं, तिला उत्तर सुचायचं नाही. कारण तुला खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं तुझ्याच बाजूनं उभं राहत नव्हतं.

यानंतर मी जे केलं ते मी घरात, गल्लीत कुणालाही सांगितलं नव्हतं. तुला एकदा सांगावं लागलं. परवा सगळ्यांना सांगितलं.

प्राध्यापकांना मी वही दाखवली होती. ते म्हणाले, "उत्तम. पण हे नेल्लीनंच झालं कशावरून? पूड बंद करून पाहिलंस?"

मी पूड बंद केली. पापनाशमहून नुसत्या आंब्याची आणली. स्वतःला म्हणालो, आता गोड पाण्याचा प्रकार थांबेल, लोक विसरतील, आत्याच्याच भल्याचं आहे. पण मनात वहीचं पुढचं पान होतं.

पहिल्याच दिवशी तुझ्या तोंडचं पाणी मचूळ झालं. तू जेवून उठलीस, प्यालीस, आणि तांब्या हळूच खाली ठेवलास. "मी गर्वानं बोलले," म्हणालीस. "म्हणून गेलं." तू रात्रीचे पोहे सोडलेस. पहाटे ओल्या आलवणात प्रदक्षिणा घालायला लागलीस. दोन महिने मी बघत होतो. सातव्या आठवड्यात उशीवर रक्ताचा डाग दिसला. मी लिहिलं: "रक्तस्राव पुन्हा सुरू." तारीख घातली. अक्षर सुंदर आहे. वही अजून माझ्याजवळ आहे.

मग पुन्हा नेल्लीची पूड आणली. पाणी पुन्हा गोड झालं असणार. पण या वेळी तू कुणाला बोलली नाहीस. मलाही नाही.

मी पास झालो. पेपरात नंबर आला तो दिवस दशमीचा. दोन दिवसांनी द्वादशी. आप्पा-आई आले होते. चार वर्षांनी तू पानात हिरवं वाढून घेतलंस. आईनं नेल्ली वाढली. तू ती हातात धरून बराच वेळ बसलीस, मग चावलीस, डोळे मिटलेस. अगत्तीचा पाला खाल्लास. सगळे आनंदात होते. आप्पा तर पहिल्यांदाच तुझ्याशी चेष्टा करत होते. तू उठून हात धुतलेस आणि पाणी प्यालीस.

मी तुझा गळा बघत होतो. एक घोट. थांबलीस. दुसरा घोट.

आप्पा-आई संध्याकाळच्या गाडीनं गेल्यावर मला आत बोलावलंस.

"म्हणजे विहीर तू होतास."

मी मान डोलावली.

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

"देवालाही तेच वाढलं मी. नैवेद्यात." मग बोटांवर महिने मोजलेस. "आणि मधले दोन महिने? तेव्हा पूड संपली होती?"

इथं मी खोटं बोलू शकलो असतो. दीड वर्षं बोललोच होतो. पण तू शिकवलेला मुलगा होतो मी, नेमक्या नको त्या वेळी खरं बोललो.

"नाही. बघायचं होतं."

"काय दिसलं?"

"रक्त."

तू हसलीस. पहिल्यांदा तोंड उघडून हसलीस. दात छान होते, हिरड्या गुलाबी. मी केलेल्या.

"मग पुन्हा पहिल्यापासून," म्हणालीस. "चार वर्षं."

मी ओरडलो. डिग्री मिळाली, व्रत संपलं, असं कुठं असतं का? तू शांतपणे म्हणालीस की बोललेलं व्रत घडलंच नाही, तेव्हा माझी डिग्री अधांतरी आहे, ती खाली पडू नये म्हणून तुला ते घडवायला हवं. मी म्हणालो, "डिग्री युनिव्हर्सिटीनं दिली, आत्या. व्रतानं नाही."

"मग चार वर्षं मी काय केलं?"

या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी टाळलं. खरं उत्तर एकच होतं आणि ते एकदा रागाच्या भरात तोंडातून गेलंच. मला त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळाली होती, प्राध्यापकांनी वही बघूनच शिफारस केली होती. त्या दिवशी मी आता उघडपणे देऊ केलेली नेल्लीची पूड तू पुन्हा परत केलीस आणि मी म्हणालो, "तुझ्या व्रतानं मला काही मिळालं नाही. जे मिळालं ते तुझ्या हिरड्यांनी."

"मग हिरड्यांना नमस्कार कर," म्हणालीस आणि खाली वाकून तोंड उघडलंस. रक्त होतं.

मी नमस्कार केला नाही. बाहेर निघून गेलो. आज करतो. पोचत नाही.

त्यानंतर तू माझ्या हातचं काहीही कोरडं घरात घेतलं नाहीस. मीठसुद्धा. आंबे स्वतः वाळवायचीस, स्वतः कुटायचीस. मला मात्र भाजी करून घालत राहिलीस, केळ्याच्या फोडी ताकाच्या पाण्यात टाकत राहिलीस. उन्हाळ्यात आंबे यायचे, तू सुधारायचीस. पावसाळा उतरला की पुन्हा डाग. माझ्या वर्गात मी दर वर्षी मुलांना तो प्रयोग दाखवायचो. गुलाबी थेंब विझायचा, मुलं "अय्यो" म्हणायची. मी घरी येऊन तुझ्यासमोर जेवायला बसायचो. वहीत मात्र पुढे काही लिहिलं नाही. निष्कर्ष आधीच निघाला होता.

या मार्गशीर्षात ताप आला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं. असेल. मी डॉक्टर नाही. पण भिंती आधीच ढिल्या होत्या हे मला ठाऊक होतं, आणि एका मिठाईच्या बरणीत सहा महिन्यांपासून नेल्लीची पूड भरून ठेवलेली होती, हेही. शेवटच्या रात्री तुझ्या ओठांना मी पाणी लावलं. नुसतं. मचूळ.

तू गेल्यावर मला एक गोष्ट उशिरा कळली. द्वादशीच्या त्या दिवसानंतर गल्लीत खरं सांगणं तुला सोपं होतं. एक वाक्य पुरे होतं: मला वेड लागलं नव्हतं, गोपूनं नेल्ली घातली होती. तुझं नाव धुऊन निघालं असतं. पण विधवेचं अन्न चोरून बाटवणाऱ्याच्या घरी कुठला उपाध्ये पाणी प्यायला असता? मला मुलगी कोणी दिली असती? म्हणून तू तीन वर्षं "गोड विहिरीची आत्या" राहिलीस. सुंदरक्का पायसम मागायची, तू दार लावून घ्यायचीस. घरात मला फाडून खायचीस आणि बाहेर मला झाकायचीस. दोन्ही एकाच तोंडानं.

तेराव्याला मी पानांवर सगळ्यांत आधी नेल्ली वाढली. उपाध्ये म्हणाले, "हे काय आधी?" मी म्हणालो, आत्याला आवडायची. सगळ्यांनी खाल्ली. मग मी स्वतः आडाचं पाणी शेंदून पेले भरले.

"अरे वा," कुणीतरी म्हणालं.

सुंदरक्कानं घोट घेतला आणि पेल्यात वाकून पाहिलं. "गोपू, गूळ घातलास काय रे?"

"नाही. आडाचंच आहे."

मग सांगितलं. आंब्याची पूड, कोरडं विटाळत नाही, दीड वर्ष, मधले दोन महिने, वही. अस्कं, सगळं. आईनं पदर तोंडाला लावला. उपाध्ये पानावरून उठले. म्हणाले, विधवेचं व्रत मोडणाऱ्याच्या घरी आम्हांला जेवता येणार नाही. त्यांच्यामागून आणखी सहा-सातजण उठले. मी अडवलं नाही. तू जे तीन वर्षं सांभाळलंस ते मी एका जेवणात उधळलं, आत्या. तुला आवडलं नसतं. पण तुझ्या आवडीचं मी कधी काय केलं होतं?

सुंदरक्का उठली नाही. तिनं शेजारच्या रिकाम्या पानावर उरलेली एक नेल्ली उचलून खाल्ली, सावकाश पाणी प्याली आणि पेला खाली ठेवला.

"म्हणजे ती खरं बोलत होती."

"हो."

"आणि तू तिथंच उभा होतास. रहाटाजवळ."

"हो."

"मी हसले," ती म्हणाली. "पण मला ठाऊक नव्हतं."

तिनं तांब्या उचलून माझा पेला भरला आणि माझ्याकडे सरकवला. माझ्या पानावर नेल्ली नव्हती. स्वतःला मी वाढलीच नव्हती. तिच्या देखत मी पेला संपवला.

मचूळ होतं.